अठरा पूर्ण झाल्यावर: अनुरक्षण सेवा आणि शासकीय आयटीआय, मराठवाड्यातल्या मुलांसाठी कितपत कामाची?

निकाल आधीच सांगून टाकू. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींना हाताला काम शिकवायचं असेल, तर मराठवाड्यात शासकीय आयटीआयला आजही तोड नाही. तिला पाचपैकी चार गुण. तिच्या जोडीला सरकारची अनुरक्षण सेवा आहे, म्हणजे अठरानंतरची दरमहा मदत, राहण्याची सोय आणि पाठपुरावा. तिला पाचपैकी अडीच. ती मिळते, पण मागावी लागते, वेळेवर मागावी लागते आणि ठरावीक कागद हातात असतील तरच पदरात पडते. शिकवण्यात फारसं बिघडत नाही. बिघडतं ते महिला व बालविकास आणि कौशल्य विकास या दोन खात्यांच्या मधल्या फटीत. एकाला मुलाचा वाढदिवस कळतो, दुसऱ्याला प्रवेशाचं वेळापत्रक कळतं, आणि दोन्ही तारखा एका कागदावर लिहून ठेवणारं माणूस बहुतेक वेळा कुणी नसतं. अधीक्षक, शिक्षक, मावशी-मामा किंवा खुद्द ते पोरगं, कुणीतरी ते व्हावं लागतं. हे परीक्षण त्यांच्यासाठी आहे.

सेवेचा पाया बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४६ मध्ये आहे. बालगृहातून अठरा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक मदत देता येते. वय १८ ते २१, आणि केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतल्या नियम २५ नुसार अपवादात्मक परिस्थितीत पुढं आणखी दोन वर्षं. याच नियमात सहा ते आठ जणांची गटनिवासाची सोय, व्यवसाय प्रशिक्षणाच्या काळातलं विद्यावेतन, समुपदेशक आणि स्वतःचा धंदा टाकणाऱ्याला कर्जासाठी मदत, एवढं सगळं आहे. रकमेचं म्हणाल तर मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार महिना ४,००० रुपये, तेही थेट मुलाच्या बँक खात्यात. हे आपोआप सुरू होत नाही. बाल कल्याण समितीचा, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीचा, आदेश लागतो. मूल कायद्याशी संघर्षग्रस्त म्हणून, म्हणजे गुन्ह्याच्या प्रकरणात, संस्थेत असेल, तर बाल न्याय मंडळाचा किंवा बाल न्यायालयाचा. आदेश नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षातला माणूस कितीही भला असला तरी त्याच्या हातात काही नसतं.

आता कुणाला मिळत नाही ते. कायद्याची भाषा संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांची आहे. त्यामुळे जी लेकरं आजी, मावशी, चुलते यांच्याकडे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेवर वाढली, त्यांचे महिना २,२५० रुपये अठराव्या वर्षी थांबतात आणि पुढं अनुरक्षणाचं दार उघडत नाही. मराठवाड्यात ही उणीव फार टोचते. शेतकरी आत्महत्येनंतर किंवा ऊसतोडीच्या वाटेवर आई-बाप गमावलेली कितीतरी पोरं संस्थेत न जाता नातेवाइकांकडेच वाढतात. त्यांच्यासाठी उरतो तो दुसरा मार्ग, अनाथ प्रमाणपत्राचा. सेवेला गुण कापले त्यातला निम्मा वाटा या एका कारणाचा.

राज्यात २०१८ पासून अनाथांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे आणि आयटीआयच्या प्रवेशातही ते लागू होतं. प्रमाणपत्राचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे करायचा. बाल कल्याण समितीमार्फत तो पुढं जातो आणि प्रमाणपत्र विभागीय उपायुक्तांच्या सहीनं निघतं. संस्थेत वाढलेल्यांचा एक प्रवर्ग आणि नातेवाइकांकडे किंवा संस्थेबाहेर वाढलेल्यांचा दुसरा. म्हणजे बालसंगोपनातल्या मुलालाही ते मिळतं, पण आई-वडील दोघंही नसतील तरच. इथंच सगळ्यात जास्त गैरसमज होतो. बालगृहात राहणारं प्रत्येक मूल अनाथ नसतं. बऱ्याच जणांची आई हयात असते, बाप तुरुंगात किंवा परागंदा असतो. एक पालक जिवंत असला की या प्रमाणपत्राची आशा सोडा आणि जातीचा दाखला किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला या वाटेनं जा. प्रवेशाच्या आठवड्यात हे कळलं तर दोन्हीकडून हात रिकामे राहतात.

तारखांचं गणित

अनुरक्षण अठरा ते एकवीस, म्हणजे तीन वर्षं. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड आणि वर्षभराची अप्रेंटिसशिप, मिळून तीन वर्षं. कागदावर हे काट्यावर काटा बसतं. प्रत्यक्षात आयटीआयचं सत्र साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतं आणि अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेचा शेवटचा टप्पा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी असतो. मग निकाल, मग राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, आणि त्यानंतर अप्रेंटिसशिपची जागा. या प्रत्येक टप्प्यात काही आठवडे, कधी काही महिने जातात. ज्या मुलाला नोव्हेंबरात अठरा पूर्ण झाली आणि प्रवेश पुढच्या ऑगस्टमध्ये मिळाला, त्याचे नऊ महिने सुरुवातीलाच गेले. त्याची अप्रेंटिसशिप एकविशीच्या पलीकडे जाणारच. अशांच्या मूळ प्रस्तावातच एकवीसनंतरच्या मुदतवाढीची शक्यता लिहून ठेवायला सांगा.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दहावी झाली की मूल संस्थेत असतानाच प्रवेश घ्यायचा, अठराची वाट पाहायची नाही. आयटीआयला किमान वय १४ आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी प्रवेश घेतलेलं पोरगं अठरा होईतो निम्म्याहून जास्त ट्रेड संपवतं आणि अनुरक्षणाची वर्षं अप्रेंटिसशिपला आणि पहिल्या नोकरीला पुरतात. बऱ्याच ठिकाणी उलट होतं. मूल अकरावी-बारावीला घातलं जातं, अठरा पूर्ण होते, बारावी अर्धवट राहते आणि मग घाईघाईनं तीन महिन्यांचा कोर्स शोधला जातो. बारावी बुडेल ही भीती असेल, तर दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड आणि बोर्डाच्या भाषा विषयांची परीक्षा मिळून बारावीची समकक्षता घेता येते. शिवाय दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

नियमानुसार संस्थेतून बाहेर पडायच्या दोन महिने आधी परिवीक्षा अधिकारी किंवा बाल कल्याण अधिकाऱ्यानं पुढच्या पुनर्वसनाचा आराखडा समितीपुढं ठेवायचा असतो. दोन महिने पुरत नाहीत. सहा महिने आधी विषय काढा. आराखड्यात ‘व्यवसाय प्रशिक्षण द्यावे’ एवढंच मोघम लिहिलेलं असलं तर तो कागद कुणाच्याच उपयोगाचा नाही. कोणता ट्रेड, कोणती आयटीआय, सत्र कधी सुरू होणार, राहणार कुठं, महिन्याचा खर्च किती आणि त्यातला किती भाग अनुदानातून, हे एका पानावर मांडलं की समितीला आदेश लिहायला सोपं जातं.

कागद

गाडी सगळ्यात जास्त वेळा इथंच अडते, म्हणून इथं जरा थांबू.

पहिलं नाव. संस्थेच्या नोंदवहीत एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. दाखल झालं तेव्हा मुलानं जे सांगितलं ते लिहिलं गेलं, पुढं कुणीतरी वडिलांचं नाव जोडलं, आधार केंद्रावरच्या ऑपरेटरनं स्पेलिंग आपल्या मनानं टाकलं. पुढं आयटीआयचा अर्ज, राष्ट्रीय प्रमाणपत्र, बँक, भविष्य निर्वाह निधीचा कायमचा क्रमांक म्हणजे यूएएन, सगळीकडे दहावीचं गुणपत्रक आणि आधार जुळावं लागतं. दुरुस्ती दहावीच्या आधी झाली तर शाळेच्या पातळीवर निभावते. गुणपत्रकावर चूक छापली गेली की शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावं लागतं. लातूर, नांदेड आणि धाराशिवसाठी लातूर मंडळ, बाकी पाच जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगर मंडळ. म्हणून नववीतच तीनही कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा, जन्मतारखेसकट. जन्मतारखेचा वाद असेल तर कायद्याच्या कलम ९४ चा क्रम लक्षात ठेवा: आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी.

दुसरं आधारवरचा पत्ता. बहुतेकांचा पत्ता बालगृहाचा असतो. अठरानंतर तिथं टपाल गेलं तर परत येईल किंवा कपाटात पडून राहील. मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रमुखानं ठरावीक नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र आधारसाठी चालतं, पण ते संस्थेत असतानाच घ्यायचं. मोबाइल क्रमांकाचं तर विचारूच नका. निम्म्या मुलांच्या आधारला अधीक्षकांचा किंवा काळजीवाहकाचा नंबर जोडलेला असतो. त्यांची बदली झाली की ओटीपी गेला आणि मुलाची सगळी खाती कुलूपबंद. मुलाच्या स्वतःच्या नावावर सिम घेता येतं ते अठरानंतर, तेव्हा त्याच आठवड्यात आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या.

तिसरं बँक खातं. अज्ञान म्हणून उघडलेलं खातं अठरा पूर्ण झाल्यावर नव्यानं केवायसी आणि सही दिल्याशिवाय नीट चालत नाही. अनुदान मंजूर आणि खातं गोठलेलं, ही जोडी नेहमीची. केवायसी झाल्यावर शाखेत स्पष्ट विचारा, ‘थेट लाभासाठी आधार जोडलंय का?’ खात्याला आधार नोंदलेलं असणं आणि एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत ते खातं लाभासाठी निवडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे दुसऱ्या गोष्टीवर येतात. एकाहून जास्त बँकांत खाती असतील तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात आणि मूल ‘आलेच नाहीत’ म्हणत बसतं.

जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने पुरावे लागतात. ते नसतील तर त्यामागं वर्ष घालवण्यापेक्षा अनाथ प्रमाणपत्र किंवा खुला प्रवर्ग बरा. आयटीआयचं शासकीय शुल्क इतकं कमी आहे की खुल्या प्रवर्गातूनही परवडतं. प्रश्न गुणवत्ता यादीचा असतो, पैशाचा नाही.

प्रवेश

प्रक्रिया पूर्ण ऑनलाइन आहे, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश संकेतस्थळावर. अर्ज भरायचा, शे-दीडशेचं शुल्क भरायचं, जवळच्या कोणत्याही शासकीय आयटीआयमध्ये मूळ कागद दाखवून अर्ज निश्चित करायचा आणि मग विकल्प भरायचे. निश्चिती राहिली तर अर्ज भरूनही यादीत नाव नसतं. विकल्पांच्या क्रमाला वजन आहे. पहिल्या क्रमांकाला लिहिलेली जागा मिळाली आणि घेतली नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून ‘बघू तरी’ म्हणून दूरच्या तालुक्याचा ट्रेड पहिला टाकू नका. अनाथ किंवा जातीच्या आरक्षणाचा दावा अर्जातच करावा लागतो. प्रमाणपत्र हातात नसताना केलेला दावा निश्चितीच्या टेबलावर गळून पडतो. नियमित फेऱ्या संपल्यावर समुपदेशन फेरी असते. उशिरा जाग आलेल्यांना तिथं वेल्डर, प्लंबर, शिवणकाम यांच्या जागा बहुधा मिळतात, इलेक्ट्रिशियनची क्वचितच.

कोणता ट्रेड?

संस्थेतली मंडळी बहुतेकदा वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियनवरच अडून बसतात. ट्रेड चांगला, दोन वर्षांचा, महावितरणच्या विद्युत सहायकाच्या जाहिरातीत चालणारा. पण मेरिट सगळ्यात चढं आणि रंगांधळेपणा असेल तर उपयोग नाही. हे अर्जाआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडून तपासून घ्या, रंगांचे ठिपके असलेल्या पुस्तिकेवर पाच मिनिटांत कळतं. स्वतः वायरिंगची कामं घ्यायची असतील तर पुढं तारतंत्री परवाना काढावा लागतो हेही मुलाला आधीच सांगा.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने दाटीनं आहेत. तिथं जोडारी म्हणजे फिटर, यंत्रकारागीर म्हणजे मशिनिस्ट आणि कातारी म्हणजे टर्नर यांना काम लागतं. फिटरच्या मुलाखतीत हमखास व्हर्निअर आणि मायक्रोमीटर ही मापं घेण्याची साधनं हातात देतात. साध्या व्हर्निअरचं अल्पतम माप ०.०२ मिमी आणि मायक्रोमीटरचं ०.०१ मिमी, हे पाठ असून भागत नाही, रीडिंग घेता आलं पाहिजे. कातारी आणि यंत्रकारागिरानं सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, हात बसवलेला असावा. आपल्या आयटीआयमध्ये सीएनसी मशीन नुसतं उभं आहे की चालतं, हे विकल्प भरण्याआधी जाऊन पाहा. मशीनवर धूळ आहे का, शेजारी बुरादा पडलाय का, एवढ्यावरून कळतं.

वेल्डर, म्हणजे संधाता, एक वर्षाचा ट्रेड, आठवी पासवरही प्रवेश. शाळेत मागं पडलेल्या, पण हात स्थिर असलेल्या पोरांसाठी उत्तम. एक खोट मात्र आहे. आयटीआयमध्ये बहुतांश सराव रॉडचा, साधारण ३.१५ मिमीच्या इलेक्ट्रोडचा होतो. वाळूजच्या कारखान्यांत काम मिगचं, म्हणजे सीओटू वेल्डिंगचं. पोरगं सर्टिफिकेट घेऊन जातं आणि चाचणीत वायर फीड आणि व्होल्टेज जुळवता न आल्यानं मागं येतं. ट्रेड चालू असतानाच निदेशकांकडून मिग यंत्रावर जादा वेळ मागून घ्या, सुट्टीत एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे महिनाभर हाताखाली लावा. चामड्याचे हातमोजे, अॅप्रन आणि काळ्या काचेचं हेल्मेट स्वतःचं असलेलं बरं. सामाईक हेल्मेटची काच ओरखडलेली असते, पोरं ती वर करून टाका मारतात आणि रात्री डोळे चुरचुरतात.

लातूरला रेल्वे कोच कारखाना आहे, जालन्यात लोखंडाच्या रोलिंग मिल आणि बियाण्यांचे कारखाने. मिलमध्ये वीज आणि यांत्रिक देखभालीची माणसं लागतात, पण उष्णता आणि अपघाताचा धोका पाहता नुकतंच अठरा झालेलं, कुणी पाठीशी नसलेलं पोरगं तिथं ठेकेदारामार्फत पाठवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. परभणी, हिंगोली, बीडकडे मोठे कारखाने कमी. तिथं मोटार मेकॅनिक, ट्रॅक्टर दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग, सोलर पंप अशी गावाला लागणारी कामं जास्त टिकतात.

ज्यांचं गणित चांगलं आहे आणि कुणी खर्च उचलायला तयार आहे, त्यांच्यासाठी चिकलठाण्यातली इंडो-जर्मन टूल रूम आहे. टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा उद्योगात मानानं घेतला जातो. पण शुल्क आयटीआयच्या कैक पट आणि मुदत अनुरक्षणाच्या तीन वर्षांपेक्षा मोठी. शेवटच्या वर्षाचे पैसे कुठून येणार हे पहिल्या दिवशी ठरलेलं नसेल तर नको.

राहणं आणि खाणं

४,००० रुपयांत वाळूजला महिना निघत नाही. बजाजनगर, रांजणगाव भागात खोलीतल्या एका कॉटचं भाडं, दोन वेळचा डबा, येण्याजाण्याचा खर्च आणि मोबाइल रिचार्ज मांडला की हिशेब तिथंच ओलांडतो. आयटीआयचं विद्यावेतन राज्यानं ४० रुपयांवरून ५०० केलं, ते पात्र मुलांना मिळतं, पण त्यानं फरक पडतो तो बूट-वह्यांपुरता. अनुदान दर महिन्याच्या एक तारखेला येईल असं धरून घरमालकाला शब्द देऊ नका. निधी हप्त्यांनी येतो. किमान तीन महिन्यांचं भाडं आणि डबा हाताशी असल्याशिवाय मुलाला शहरात सोडू नये. संस्थेला देणगीदार असतील तर रोख देणगीऐवजी हा तीन महिन्यांचा गल्ला मागा. हत्यारांचा संच किंवा छोट्या धंद्यासाठी बाल न्याय निधीतून मदत मागता येते, तोही अर्ज समितीमार्फतच करा.

वसतिगृहाचे पर्याय असे: आयटीआयचं स्वतःचं वसतिगृह असेल तर पहिली पसंती तीच. सामाजिक न्याय विभागाच्या शासकीय वसतिगृहांत अनाथांसाठी २ टक्के जागा असतात. आपला अभ्यासक्रम तिथं बसतो का हे गृहपालांना अर्जाआधी विचारा. काही जिल्ह्यांतल्या स्वयंसेवी संस्था अठरानंतरही मुलांना धरून ठेवतात. औसा तालुक्यात हासेगावच्या सेवालयानं एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी अठरानंतरची वस्तीच उभी केली आहे. अशी जागा मिळाली तर शहरातल्या कॉटपेक्षा कधीही बरी.

खासगी खोली घ्यायची तर घरमालक दोन गोष्टी विचारतो: ‘आई-वडील कुठंयत?’ आणि ‘जबाबदारी कुणाची?’ जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं किंवा संस्थेचं लेटरहेडवरचं पत्र, त्यावर एका जबाबदार माणसाचा फोन, आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याची तयारी, एवढ्यानं बहुतेक दारं उघडतात.

अप्रेंटिसशिप

आयटीआय झाल्यावर लगेच ठेकेदाराकडे ‘ट्रेनी’ म्हणून जाऊ देऊ नका. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी, कंपनीशी ऑनलाइन करार आणि करार क्रमांक, हे असेल तरच ती अप्रेंटिसशिप. २०१९ च्या नियमांत आयटीआय प्रमाणपत्रधारकाला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. कंपन्या त्याहून जास्तही देतात, तेव्हा बोलणी तिथून सुरू करा. अप्रेंटिसला भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही. ठेकेदाराच्या कामगाराला मात्र तो आणि ईएसआय हा कामगार विमा लागू असतो. वेतनचिठ्ठी हातात नाही आणि यूएएन नाही म्हणजे पैसे कुठंतरी मुरतायत. आणि हो, अप्रेंटिसशिपचं विद्यावेतन सुरू झालं तरी अनुरक्षणाचे पैसे चालू राहतील असं गृहीत धरू नका. आदेशात काय लिहिलंय ते वाचा आणि शंका असेल तर समितीला लेखी विचारा.

हजेरीचं सांगायचं राहिलं. व्यवसाय परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. संस्थेत वाढलेल्या मुलांचा इथं घात होतो तो आळसानं नाही, तर कागदांसाठी माराव्या लागणाऱ्या चकरांनी. बँक, सेतू, तहसील, जिल्हा कार्यालय, सगळं कामकाजाच्या दिवशी. जिच्या घरी बाप आहे तिचा बाप रांगेत उभा राहतो. या पोरांना स्वतः उभं राहावं लागतं. शक्य तेवढी कामं सत्र सुरू होण्याआधी उरका, उरलेल्यांसाठी अधिकारपत्र देऊन दुसऱ्या कुणाला पाठवा. प्रवेशानंतरच्या पहिल्या महिन्यात राष्ट्रीय नोंदीत नाव आणि जन्मतारीख बरोबर चढली का ते आयटीआयच्या कार्यालयात पाहून घ्या. तेव्हा दुरुस्ती सोपी असते, प्रमाणपत्र निघाल्यावर महाकठीण.

छोटे कोर्स आणि मुली

बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, मोफत आणि निवासी असतात. कोर्स फार तर दीड महिन्याचे, किमान वय १८, पुढं दोन वर्षं पाठपुरावा. दुचाकी दुरुस्ती, मोबाइल दुरुस्ती, शिवणकाम यांसाठी चांगल्या, पण ज्याचा हात आधीच थोडाफार चालतो त्यालाच फायदा. मुद्रा कर्जाच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारण लागत नाही, तरी स्थिर पत्ता लागतो. खोली बदलत राहणाऱ्या मुलाचं प्रकरण तिथंच अडकतं.

मुलींच्या बाबतीत संस्थांची कल्पनाशक्ती मेंदी, पार्लर आणि अगरबत्तीच्या पुढं जात नाही, हे खेदानं नोंदवावं लागतं. आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत. कोपा म्हणजे संगणक चालकाचा ट्रेड आणि शिवणकाम यांखेरीज इलेक्ट्रॉनिक्स, ड्राफ्ट्समन, यंत्रकारागीर हेही ट्रेड त्यांनी घ्यावेत. ‘नर्सिंग’च्या नावाखाली सहा महिन्यांचं प्रमाणपत्र विकणाऱ्या खासगी संस्थांपासून जपा. परिचारिका म्हणून नोंदणी होते ती एएनएम किंवा जीएनएमनंतर, दोन्हींना बारावी लागते आणि संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता लागते. पैसे भरण्याआधी मान्यतेचा क्रमांक मागा, टाळाटाळ झाली तर उठून या. राहण्यासाठी सखी निवास हा पर्याय विचारात घ्या. तो नोकरदार महिलांसाठी असला तरी नोकरीसाठी प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींनाही काही जागा असतात आणि भाड्यावर पगाराच्या प्रमाणात मर्यादा आहे.

शेवटची तांत्रिक गोष्ट. अनुरक्षणाचा आदेश मुदतीचा असेल तर ती मुदत मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. संपायच्या दोन महिने आधी आयटीआयचा बोनाफाइड, हजेरीचा उतारा, मागच्या सत्राचे गुण आणि बँकेचं स्टेटमेंट जोडून नूतनीकरणाचा अर्ज आवक क्रमांकासह द्या. आवक शिक्का नसलेल्या अर्जाचा पाठपुरावा करता येत नाही.